केमोच्या वेळी आईला व्हीआर हेडसेट लावावा का? अनुभव हवेत

घाटाखालची

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज अडलेय.

आई एकसष्ट वर्षांची. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या, आता केमो चालू आहे. 'लाल औषधा'चे चार डोस एकवीस-एकवीस दिवसांनी झाले. पुढे दर आठवड्याला एक असे पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या औषधाचे बारा, त्यातले दोन झालेत. आमचं गाव पाचलजवळ, अणुस्कुरा घाट उतरला की. उपचार कोल्हापुरात आणि माझी नोकरीही इथेच, म्हणून आई सध्या माझ्याकडे. बाबा आणि दादा-वहिनी गावी.

उलट्या होतील, केस जातील, तोंड येईल, या सगळ्याची तिने तयारी ठेवली होती. केस गेले तेव्हा "उन्हाळ्यात बरंच की" म्हणाली. ती हरते ती शिरेपाशी. डाव्या हाताला सुई लावायची नाही, राहिला एकच हात, आणि लाल औषधाने त्याच्या शिरा सुतळीसारख्या कडक झाल्यात. गेल्या मंगळवारी पाचव्या प्रयत्नाला लागली. ती ओरडत नाही. पदराचा बोळा तोंडात धरते आणि छताकडे बघत बसते. आता तर रिक्षा दवाखान्याच्या रस्त्याला वळली की तिला मळमळायला लागतं. औषध तेव्हा अजून बाटलीतच असतं.

परवा मावसभाऊ बंगळूरहून आला होता. त्याचा क्वेस्ट २ हेडसेट (डोळ्यांवर बांधला की चहूकडे दुसरंच जग दिसतं) त्याच्याकडे धूळ खात पडलेला, तो ठेवून गेला. म्हणाला, परदेशात केमोच्या वेळी लावतात, मावशीला लाव. माझ्या डोक्यात असं आलं की दादाकडून आमच्या घराचं, खळ्याचं, विहिरीचं तीनशेसाठ अंशांतलं चित्रीकरण करून घ्यावं आणि सुई लावताना आईला तेच दाखवावं. पाच महिने झाले तिला घर सोडून. फणसाला कुयऱ्या किती धरल्या ते रोज फोनवर विचारते.

पण आधीच मळमळ होणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर हे खोकं बांधायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात तर नाही ना? सिस्टर लावू देतील का? कुणी प्रत्यक्ष केलंय का? डॉक्टरांना विचारलं तर "काही हरकत नाही, करून बघा" एवढंच म्हणाले, आणि पुढचा नंबर पुकारला.


डबलबेल

ताई, मी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, सोलापूरचा. गालाच्या आतल्या बाजूला झाला होता. कशाने ते विचारू नका, सगळ्यांना माहीत आहे. ऑपरेशननंतर रेडिएशनचे तेहतीस शेक घेतले, आठवड्याचे पाच दिवस.

तुमच्या खोक्याचा मला अनुभव नाही, आणि आमच्या जातीच्या पेशंटला तो शेकाच्या टेबलावर लावताही येत नाही. कारण सांगतो. प्लॅस्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून तोंडावर दाबून बसवतात, ती तुमच्याच चेहऱ्याच्या साच्यात कडक होते. मग रोज ती चढवून टेबलाला खटके लावून टाकतात. नाक, भुवई, हनुवटी, काही हलत नाही. सगळे बाहेर जातात, दार बंद होतं आणि मशीन फिरायला लागतं. पहिल्या दिवशी मी हात वर करून थांबवलं सगळ्यांना. घुसमटलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून डोळे मिटून गाडी काढली. सोलापूर स्टँड, वडाळा, वैराग, बार्शी, कुर्डुवाडी. प्रत्येक स्टॉपला चढणारे-उतरणारे मोजायचे, तिकिटं फाडायची, सुट्ट्यांवरून भांडायचं. रोज वैरागच्या आसपास मशीन बंद व्हायचं. तेहतीस दिवसांत बार्शी दोनदाच आली, आणि दोन्ही वेळा मशीन बिघडलं होतं.

सांगायचं एवढंच की लक्ष दुसरीकडे नेण्याचा उपयोग होतो, हे मी पैजेवर सांगतो. खोक्याने नेता आलं तर न्या की.


स्पष्टवक्ता७१

हे असले महागडे खेळ करण्यापेक्षा आईचा हात हातात धरून बसलात तर जास्त बरं वाटेल त्यांना. राग मानू नये.


घाटाखालची

@स्पष्टवक्ता७१, राग नाही. पण सुई लावताना नातेवाईकांना बाहेर काढतात. मी काचेच्या दाराबाहेर उभी असते. शिवाय हात धरायचा कुठला? एकाला सुई, दुसऱ्याला सूज येऊ नये म्हणून जपायचं.

@डबलबेल काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने विचारलंय, पासवाल्यांना बसायला जागा दिलीत की नाही.


डेकेअरची ताई

मी केमो डेकेअरमध्ये चौदा वर्षं आहे. कुठल्या ते विचारू नका. एका संस्थेने आम्हाला असे दोन सेट दिले होते, त्यामुळे थोडं लिहू शकते.

आधी सेट बाजूला ठेवा. तुमच्या आईचे अजून दहा डोस आहेत आणि एकच हात आहे, तर केमोपोर्टबद्दल विचारलंत का? कॉलरबोनच्या खाली, त्वचेच्या आत छोटी डबी बसवतात, तिची नळी मोठ्या शिरेत जाते. दर वेळी त्या डबीत सुई टोचायची, शीर शोधायची भानगडच नाही. बसवायला छोटं ऑपरेशन लागतं, खर्च आहे, आणि अधूनमधून फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन, घ्यावी लागते. खूप बायका "अजून एक चिरफाड नको" म्हणून नाही म्हणतात आणि मग दर आठवड्याला रडतात. पाच-पाच वेळा टोचून घेणं हे सोसायचं दुखणं नाही, त्याला उपाय आहे. त्वचा बधिर करणारं मलमही मिळतं, पण ते तासभर आधी लावून वर चिकटपट्टी मारावी लागते. दारात आल्यावर चोळून काही होत नाही. येण्याआधी भरपूर पाणी प्यायला द्या, हात गरम पाण्याच्या पिशवीने शेकून आणा.

आणि रिक्षा वळल्यावर सुरू होणारी मळमळ, तीही डॉक्टरांना स्वतंत्र सांगा. तिच्यासाठी आदल्या रात्रीपासून घ्यायच्या गोळ्या असतात. तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही, कारण त्यांच्यासमोर सगळे पेशंट "बरं आहे" म्हणतात.

आता सेट. सुई लावताना खुशाल लावा, सिस्टरला आधी विचारून. फक्त एक नियम आमच्याकडे अनुभवाने झाला: सेट घातलेल्या माणसाला न सांगता हात लावायचा नाही. "आता पट्टी बांधतेय, आता स्पिरिट, आता टोचतेय" असं बोलत जायचं. एकदा एक आजोबा समुद्रात मासे बघत होते आणि आमच्या मुलीने मुकाट्याने दंड धरला. ते असे दचकले की ट्रे खाली.

ड्रिप चालू झाली की सेट काढा. पॅक्लिटॅक्सेलची रिॲक्शन येते ती बहुधा पहिल्या-दुसऱ्या डोसला आणि पहिल्या काही मिनिटांत. चेहरा लाल होतो, छाती भरून येते. तुमच्या आईचे दोन डोस नीट गेलेत हे चांगलं आहे, तरी पहिली पंधरा मिनिटं मला पेशंटचा चेहरा दिसायला हवा. नंतर घाला परत. अर्थात रिॲक्शन येऊ नये म्हणून आधी दिलेल्या ॲव्हिलने निम्म्या बायका तोवर घोरत असतात.

लाल औषध हाताच्या शिरेतून चालू असेल तर तेव्हा मात्र सेट नकोच. हे इतरांसाठी लिहितेय. ते शिरेबाहेर झिरपलं तर आतलं मांस जाळतं, आणि "ताई, चुरचुरतंय" हे पेशंटने त्याच क्षणी सांगणं हाच आमचा पहिला इशारा. तिथे लक्ष दुसरीकडे गेलेलं परवडत नाही.

बारीकसारीक: केमोत पांढऱ्या पेशी कमी असतात, संसर्ग पटकन होतो, म्हणून तो सेट दुसऱ्या कुणाच्या तोंडाला लावू नका. चेहऱ्याला टेकणारा स्पंज काढून रबरी कव्हर घाला, ते पुसता येतं. टक्कल हुळहुळं असतं, आत सुती टोपी घाला. चक्कर, फिट किंवा मेंदूत गाठ असा काही इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सुरुवातीला दहा मिनिटं, फार तर पंधरा. अर्धा किलोचं धूड आहे ते, मानेला रग लागते.


प्राध्यापक उचकी

डेकेअरच्या ताईंनी बहुतेक सगळं सांगितलंय. मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे माझी भर पुस्तकी आहे, पण तुमच्या खळ्याच्या बेताबद्दल एक गोष्ट बोलायलाच हवी.

आधी मावसभावाचं म्हणणं. ते खरं आहे, पण जपून. या सगळ्याची सुरुवात भाजलेल्या रुग्णांपासून झाली. सिॲटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९६च्या सुमारास ड्रेसिंग बदलताना रुग्णांना आभासी जगात न्यायला सुरुवात केली. पुढे त्यांनी त्यासाठी बर्फाची एक दरी बनवली. तिचं नाव 'स्नोवर्ल्ड'. तिच्यात पेंग्विन आणि बर्फाच्या बाहुल्यांवर गोळे फेकायचे. ड्रेसिंगच्या वेदना बऱ्याच कमी जाणवल्या. केमोत मात्र चित्र थोडं वेगळं आहे. ड्यूक विद्यापीठाच्या सुझन श्नायडर यांनी १२३ जणांवर केलेला अभ्यास २००७ साली छापला. स्तन, आतडं आणि फुप्फुस यांच्या कॅन्सरचे रुग्ण होते. प्रत्येकाने एक केमो हेडसेट लावून घेतली, एक न लावता. हेडसेटच्या दिवशी वेळ कमी गेल्यासारखा वाटला, हे ठळकपणे दिसलं. ८२ टक्के लोक 'परत वापरू' म्हणाले. पण थकवा, मळमळ अशा त्रासांत म्हणावा असा फरक पडला नाही. तेव्हा अपेक्षा बेताची ठेवा. वेळ सरकेल आणि टोचण्याचा क्षण झाकला जाईल. औषधाचा त्रास हेडसेटने जाणार नाही.

आता खळं. इलीन बर्नस्टीन या संशोधिकेने १९७८मध्ये, सिॲटललाच, केमो घेणाऱ्या मुलांना औषधाच्या आधी एका अनोळखी चवीचं आइस्क्रीम दिलं. काही दिवसांनी विचारलं तर बरीच मुलं त्या आइस्क्रीमला नको म्हणू लागली. आइस्क्रीमचा काही दोष नव्हता, ते फक्त चुकीच्या वेळी तिथे होतं. तुमच्या आईची रिक्षातली मळमळ याच घराण्यातली. रस्त्याने काय केलंय? तो फक्त प्रत्येक वेळी केमोच्या आधी आला. वास आणि चव हे सगळ्यात पटकन चिकटतं हे मान्य, पण जागा आणि देखावेही चिकटतात, ते तुम्ही बघताच आहात.

म्हणून पाच वेळा सुई टोचली जात असताना आईच्या डोळ्यांपुढे तिचं स्वतःचं घर धरू नका. उरलेले दहा आठवडे तसं केलंत आणि बरी होऊन घरी गेल्यावर विहिरीकडे बघून पोटात ढवळलं, तर?

बर्नस्टीनबाईंनी पुढे यावर युक्तीही काढली. १९८७च्या अभ्यासात मुलांना जेवण आणि केमो यांच्या मध्ये उग्र चवीची गोळी चघळायला दिली. नावड त्या गोळीला जाऊन चिकटली आणि नेहमीचं जेवण बरंचसं वाचलं. त्यांनी त्या गोळीला चक्क बळीचा बकरा म्हटलंय. तुम्हीही कुठलं तरी परकं तळं, परका समुद्र बळी द्या, ज्याच्याशी आईचं आयुष्यभर काही देणंघेणं नसेल. खळं रविवारसाठी राखून ठेवा.


तीनशेसाठ

लग्नाची शूटिंग करतो, त्यामुळे फक्त तांत्रिक.

१. कॅमेरा तिकाटण्यावर एका जागी ठेवा. हातात धरून चालत शूट केलंत तर पायांना वाटतं बसलोय आणि डोळ्यांना वाटतं चाललोय, धडधाकट माणूस ओकतो.
२. लेन्सची उंची खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतकी, चारेक फूट. माणसाच्या उंचीवर लावलात तर बघणाऱ्याला स्टुलावर उभं केल्यासारखं वाटतं.
३. फाइल आधीच हेडसेटमध्ये उतरवून ठेवा. दवाखान्याच्या वायफायवर विसंबू नका.
४. चारही दिशांचं दिसतं. घरच्यांना लपायला सांगा.


घाटाखालची

धागा वर काढतेय. पाच आठवडे झाले. सगळ्यांना एकेक करून उत्तर द्यायचं होतं, पण मार्चअखेर होती आणि मी बँकेत आहे. समजून घ्या.

केमोपोर्टचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "पहिल्याच दिवशी सुचवलं होतं की." खरंच सुचवलं होतं, फाइलमध्ये आहे. त्या दिवशी आम्ही एवढे बधिर होतो की कुणाच्या कानात शिरलंच नाही. आईने दोन दिवस घेतले आणि हो म्हणाली. पाचव्या डोसच्या आधी बसवला. मधले दोन डोस हातातूनच झाले, तेव्हा हेडसेट लावला.

उचकीबाईंचं ऐकून परका समुद्र निवडला. आईने आयुष्यात पहिल्यांदा असलं काही डोळ्यांवर घातलं, आणि तिचं पहिलं वाक्य, "अगो, वासाशिवाय मासळीबाजार!" मग डाव्या हाताचं बोट नाचवत मोजायला लागली, हे पापलेट नव्हे, हलवा आहे, हा कोण ते ठाऊक नाही, ह्याला काटे फार असणार. केमो सुरू झाल्यापासून तिला घरात सुका जवळाही सहन होत नाही. सिस्टरना ताईंचा नियम सांगून ठेवला होता, त्या "आता टोचते हां काकू" म्हणाल्या. आई म्हणाली, "थांबा, मोठा येतोय एक." त्या खरंच थांबल्या.

शीर तिसऱ्या प्रयत्नाला लागली. बाहेर आल्यावर मी विचारलं, दुखलं का? म्हणाली, दुखलं, न दुखायला काय झालं. पण बरं वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. एरवी पहिली सुई चुकली की सिस्टरचा चेहरा पडतो, दुसरी चुकली की त्या दुसऱ्या सिस्टरला हाक मारतात, आणि मान वळवली की काचेपलीकडे मी. "तुझं ते तोंड बघून मला जास्त भीती वाटते." मी इतके महिने त्या काचेशी धीर देण्यासाठी उभी राहत होते.

पुढच्या वेळी मी मुद्दाम कँटीनमध्ये जाऊन बसले.

सगळं गोड झालं असं नाही. एकदा तिने चुकून कुठलंसं हलणारं दृश्य लावलं, होडीतलं, आणि दोन मिनिटांत सेट ओढून काढला. त्या दिवशीची मळमळ औषधाची की होडीची ते कळलं नाही. रिक्षाची मळमळ गोळ्यांनी निम्मी झालीय. पोर्ट बसल्यापासून तर टोचणं एका क्षणाचं काम आहे, त्यामुळे सेट फक्त औषध वरून तयार होऊन येईपर्यंतच्या तासाभरातली दहा-पंधरा मिनिटं लागतो. मग ॲव्हिल, मग घोरणं. ताई, तुम्ही म्हणालात तस्संच.

आता घराचं चित्रीकरण. भाच्याने रत्नागिरीतल्या मित्राचा कॅमेरा आणला. चार फूट उंची, तिकाटणं, सगळं तीनशेसाठभाऊंच्या हुकमाप्रमाणे. भाच्याने सगळ्यांना माजघरात लपायला लावलं. वहिनी दोनदा दारातून डोकावलीय. बाबांनी लपायला साफ नकार दिला. माझ्या घरात मी का लपू, म्हणाले, आणि पडवीवर खुर्ची टाकून बसले. बारा मिनिटांचा व्हिडिओ आहे. बाराही मिनिटं बाबा गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसलेत, पापणी लवत नाही, जणू फोटो स्टुडिओत आलेत.

रविवारी दुपारी, केमोपासून पाच दिवस लांब, आईला माझ्याच घरी पलंगावर बसवून लावलं. मी मोबाइलवर तिला काय दिसतंय ते बघत होते. आधी विहीर. मग फणस. कुयऱ्या मोजल्या, एकोणीस. मग खळ्याकडे वळली आणि तिथेच थांबली. "सारवण उडालंय. शिमगा होऊन गेला आणि कुणी खळं सारवलं नाही?" मग मांडवाची एक वळी खचलीय, तुळशीपाशी केर आहे, पडवीच्या कौलातून ऊन आत येतंय म्हणजे पावसात पाणी येणार. मला वाटलं होतं रडेल. मी रुमाल घेऊन बसले होते.

मग तिला बाबा दिसले. कितीतरी वेळ मान हलवली नाही तिने.

"हे असे का बसलेत? बरं नाही का त्यांना?"

सेट डोक्यावरच वर सरकवून फोन लावला. बाबा म्हणाले, मला हलू नको म्हणून सांगितलं होतं. आई म्हणाली, तुम्ही कधीपासून कुणाचं ऐकायला लागलात? पुढे वीस मिनिटं खळं, कौल आणि वळी. दादाला घेतलं फोनवर, वहिनीला घेतलं. सेट कपाळावर तसाच, खाणकामगाराच्या दिव्यासारखा.

आता दर रविवारी नवा व्हिडिओ हवा म्हणते. दादाचा मला काल मेसेज आलाय: कॅमेरा परत केला म्हणून सांग.